हिरव्या तुकड्याचा ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. वाचनालयाच्या गच्चीवर जाणाऱ्या दाराशी मी पडलेला असतो. वारा सुटला की दार धाडकन आपटतं, म्हणून मला त्याला टेकवून ठेवतात. दुर्बीण बघायला तुम्ही धावत जिना चढता आणि तुमच्यातल्या एखाद्याचा अंगठा माझ्यावर ठेचकाळतो. तो कळवळून म्हणतो, "हा धोंडा कुणी ठेवला मधेच?" मला राग येत नाही. ठेच लागल्याशिवाय खाली बघतो कोण? पण आज लागलीच आहे ठेच, तर घटकाभर टेका माझ्याजवळ. वर ज्या दुर्बिणीला तुम्ही डोळा लावता, तिच्या पोटातला आरसा माझ्याच अंगावर घासून घडला. त्याचं कौतुक सगळे करतात, आणि ते योग्यच आहे. माझी गोष्ट मात्र मलाच सांगायला हवी.

माझा जन्म कवळ्यांच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, घराचीच पुढची खोली. तिथे एक काका दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करत. म्हाताऱ्यांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, काका त्यात प्लास्टर ओतायचे, साचे काढायचे, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. खिडकीच्या फळीवर कवळ्यांची रांग लागलेली असे, सगळ्या हसऱ्या. काकू म्हणायच्या, "घरात एवढी तोंडं, पण बोलायला मी एकटीच!"

या काकूंची सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात झाली होती. याची तार त्याला, त्याची तार याला जोडून द्यायची आणि आपण मधून बाजूला व्हायचं. घरीही त्यांचं तेच चाले. आल्यागेल्याला काकांशी जोडून द्यायच्या आणि चहा टाकायला आत जायच्या.

आलेगेले पुष्कळ असत, कारण काकांना एक नाद होता. घरी दुर्बीण करणाऱ्यांसाठी ते हत्यारं बनवून देत. दुर्बिणीचा आरसा घरी कसा करतात, ठाऊक आहे का? एक जाड गोल काच घ्यायची. ती तेवढ्याच आकाराच्या ठोकळ्यावर ठेवायची. दोघांच्या मधे कुरुंदाच्या कठीण दगडाची ओली पूड घालायची आणि पुढेमागे घासत राहायचं. घासायचं, थोडं फिरायचं, पुन्हा घासायचं. होता होता वरची काच मधे खोलगट होते आणि खालचा ठोकळा मधे फुगतो. काय नवल आहे पाहा! दोघं सारखेच घासतात, सारखेच झिजतात. वरच्याच्या वाट्याला आकाश येतं आणि खालच्याच्या वाट्याला कुबड. देवानं माणूस घडवला तेव्हा त्यालाही असा एखादा ठोकळा लागला असेल. त्याची आरती कुणी करत नाही.

काकूंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे संसारच की हो! घासल्याशिवाय दोघांनाही आकार नाही."

"आणि वर कोण, खाली कोण?" काकांनी विचारलं.

"ते मी चारचौघांत सांगत नाही," असं म्हणून काकू आत गेल्या.

काकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, ओळखीच्यांना, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना ठोकळे करून दिले. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर त्यांच्या ठोकळ्यावर आरसा घासून चांगली दुर्बीण उभी केली आणि गावभर चंद्र दाखवत सुटला. फक्त घरचा आरसा तेवढा राहिला होता. काकूंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी मागणं केलं होतं, "मला शनीची कडी दाखवा. खरीच असतात, की चित्रकार आपले शोभेला काढतात?" काका म्हणाले होते, "आपल्याच दुर्बिणीतून दाखवतो." तेव्हापासून आज-उद्या, आज-उद्या. सुताराच्या घरचं स्टूल डुगडुगतं, त्यातली गत.

मग एके दिवशी डॉक्टर आले. काकूंच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. हृदय दमलंय म्हणाले. पायऱ्या बंद, दगदग बंद. निघताना त्यांनी काकांना दाराबाहेर नेऊन हळू आवाजात काही सांगितलं. काका आत आले ते तडक प्लास्टरच्या पिंपापाशी गेले. मित्रांनो, त्या दिवशी माझा जन्म झाला.

मी उपडा जन्मलो. तळाशी नवी कोरी काच, तिच्यावर साबणाचा पातळ हात, काठाला जाड कागदाची पट्टी. काचेवर न्हाणीघराच्या फरशीचे पांढरे चौकोनी तुकडे पालथे मांडायचे आणि वरून साच्यांचं कडक प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की उलटायचं, म्हणजे तुकडे वर येतात. काकूंना नुसतं पडून राहवेना. त्या भिंत धरत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि तुकडे मांडू लागल्या. पांढऱ्या ढिगात त्यांना एकच हिरवा तुकडा सापडला. त्याचा रंग वरवरचा नव्हता, आरपार होता. काकूंनी हौसेनं तो बरोबर मधोमध ठेवला.

"अगं, तिथे नको," काका म्हणाले. "मधोमध काही ठेवायचं नसतं. नाहीतर काचेच्या मध्यावर तेवढाच डाग उमटतो. थोडं सरकवून ठेवायचं."

"वा! म्हणजे मी कायम बाजूलाच."

काकू हसूनच म्हणाल्या. काका मात्र हसले नाहीत. मग त्यांनी एका बोटानं तो तुकडा अलगद बाजूला सरकवला, अगदी नखाएवढा. तो अजून तिथेच आहे.

माझ्याबरोबर काकांनी आणखी एक हत्यार केलं. चहाच्या पत्र्याच्या डब्यात बारीक दिवा, डब्याला सुईच्या टोकाएवढं भोक, शेजारी दाढीचं अर्धं पातं आणि ते पातं केसभर सरकवायला कवळीच्या साच्याचा स्क्रू. काकू त्याला मास्तर म्हणायच्या, कारण तो आरशाची परीक्षा घ्यायचा. खोलीत अंधार करायचा. आरसा समोरच्या टोकाला उभा करायचा. भोकातला उजेड आरशाकडे जातो आणि परत येतो. येताना पातं त्याला अडवतं, आणि पात्यामागे डोळा लावणाऱ्याला आरशाची सगळी जमीन दिसते. बोटाला कळणार नाही असा चढ तिथे टेकडी होतो आणि असा उतार खड्डा होतो. मास्तर कुणाची भीड ठेवत नसे.

पण मास्तरची एक अट होती. घासताना हाताची ऊब काचेत उतरते आणि काच तेवढीच फुगते. अशा ऊन काचेची परीक्षा घेतली तर नसलेली टेकडी दिसते. म्हणून आरसा धुवायचा, बाजूला ठेवायचा, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, आणि काच पुरती निवली की मगच डोळा लावायचा. काका हे सगळ्यांना घोकून घेत. शिंपी उतावळा. तो मास्तरकडे सरसावला की काका हात आडवा धरत, "निवू द्या, मग बोला!" आतून काकू त्याच सुरात री ओढायच्या, "निवू द्या, मग बोला!" चहाचा कप शिंप्याच्या हातात देतानाही त्या तेच म्हणत.

आमचं काम सुरू झालं. जाड पूड असताना माझ्या अंगावर रेती चावल्यासारखा खरखराट व्हायचा. पूड बारीक होत गेली तसा आवाजही बारीक झाला, शेवटी रेशीम फाडल्यासारखा. आतल्या खोलीतून काकू ओरडायच्या, "आज आवाज गोड आहे हो!" मग माझ्या अंगावर ऊन राळ ओतली गेली. आरशाला चकाकी आणायला खाली मऊ राळ लागते. माझे सगळे तुकडे त्या काळ्या थराखाली गेले, हिरवासुद्धा. वर चकाकणारा आरसा आणि खाली काळाठिक्कर मी. कसली तक्रार? काम चाललं होतं, आणि कशासाठी चाललं होतं ते मला ठाऊक होतं.

शनी त्या दिवसांत संध्याकाळी काकूंच्या खिडकीतून दिसायचा. समोरच्या गोदामाच्या छपरावर पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका. पण रोज थोडा खाली सरकत होता. शिंपी एकदा दाराशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, माझी दुर्बीण आणून लावतो की इथे. आत्ता कडी दाखवतो."

काकूंनी मान हलवली. "नको भावजी. हे बघा, माझी दुर्बीण हे करताहेत. त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. ते हात मोकळे झाले तर काय करतील, याची मला भीती वाटते."

"आणि शनी गेला तर?"

"साऱ्या जगाच्या मागे लागतो तो. एकदा मी त्याच्या मागे लागलेय, तर पळेल कशाला?"

काका दुसऱ्या खोलीत होते. घासण्याच्या नादात त्यांना हे ऐकू गेलं नाही, मला गेलं. ते मला घट्ट धरून आरसा फिरवत होते, आणि त्यांचे हात कधी नव्हे ते घाई करत होते.

घाईत काय झालं, ते ऐका. आरसा पुरा होत आला होता. काकांनी तो धुतला, उभा केला आणि तसाच, हाताची ऊब अंगात असताना, मास्तरला डोळा लावला. मधोमध टेकडी दिसली. ज्या माणसानं जगाला "निवू द्या" शिकवलं, त्यानंच ती खरी मानली. टेकडी उतरवायला त्यांनी आरसा पुन्हा माझ्यावर ठेवला, मधल्या भागावर जोर देऊन. घासलं, धुतलं, लगेच पाहिलं. टेकडी होतीच. असणारच! घासण्यानंच तर ती उठत होती. आतून काकूंनी हाक मारली, "अहो, जरा येऊन बसता का?"

"आलोच. एवढी टेकडी उतरवून येतो."

दिवसामागून दिवस हेच झालं. काकू हाक मारत, काका म्हणत, "आलोच, एवढी टेकडी." मग काकूंनी हाका मारणं कमी केलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण खालच्याला तोंड नसतं.

एकदा काकूंचा श्वास फार लागला आणि काका त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं परतली. आरसा तोवर एकटाच उभा होता, पुरता निवलेला. काकूंना निजवून काका सवयीनं मास्तरपाशी आले, डोळा लावला आणि तसेच खाली जमिनीवर बसले. टेकडी कुठेच नव्हती. तिच्या जागी मोठा खड्डा होता, त्यांनी स्वतःच्या हातांनी खणलेला.

बराच वेळ आवाज नाही म्हणून काकूंनी विचारलं, "काय झालं हो?"

काका उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. "टेकडी नव्हतीच गं. ऊन काच बघत होतो मी. आता खड्डा पडलाय. दुरुस्त होईल, पण वेळ लागेल. पुन्हा सगळं..." खिडकीबाहेर गोदामाचं छप्पर होतं, आणि छपरावर आता काहीच नव्हतं. शनी मावळून गेला होता, आता कित्येक महिने तो संध्याकाळी दिसणार नव्हता.

काकूंनी त्या रिकाम्या छपराकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांवर हसू आलं. "निवू द्या, मग बोला," त्या म्हणाल्या. "जगाला सांगे ब्रह्मज्ञान!"

काकांनी तोंडावर हात घेतले.

"अहो, रडता काय? इकडे या. आज काही घासायचं नाही. ती कसली टेकडी, जिच्यापायी मला इतके दिवस एकटं पडावं लागलं, ती दाखवा तरी मला. कडी राहिली, टेकडी तर बघू."

मग काकांनी सगळा संसार आतल्या खोलीत आणला. पडदे ओढले. मास्तरला पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, आरसा समोरच्या भिंतीशी. तो घसरू नये म्हणून मागे टेकू हवा होता, तो मी झालो. म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

काकूंनी पात्यामागे डोळा लावला. "अगंबाई! चंद्रच की हा. आणि हा मधला खड्डा का? बरा दिसतो."

काकांनी आरशावर अंगठा टेकवला, थोडा वेळ दाबून धरला आणि काढला. काकू बघत होत्या. गुळगुळीत जमिनीवर एक टेकडी उठली होती. एका बाजूनं उजळ, दुसऱ्या बाजूला सावली.

"ही तुमची ऊब?"

"हो."

"आणि इतके दिवस तुम्ही हीच खरवडत होतात?"

टेकडी हळूहळू बसत गेली आणि नाहीशी झाली. काकू म्हणाल्या, "आता माझी."

काकांनी आरसा कडेनं धरून त्यांच्यापुढे नेला. काकूंनी अंगठा ठेवला. आरसा पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला, काकांनी डोळा लावला. दमलेल्या हृदयाचे हात गार असतात, मित्रांनो. जमीन जवळजवळ तशीच होती, मोहरीएवढा उंचवटा असेल-नसेल.

"आहे ना," काका म्हणाले. "ही केवढी!"

"खोटं बोलताना तुम्ही नाक चोळता."

काकांनी नाकावरचा हात काढला. ते पलंगावर बसले, काकूंचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळत राहिले. मग पुन्हा आरसा नेला, पुन्हा अंगठा. या वेळी टेकडी उठली. लहानशी, पण स्पष्ट.

"दिसली!" काकू लहान मुलीसारख्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण उसनी आहे. तुमचीच ऊब."

"तुझीच आहे."

"असू द्या. उसनी तर उसनी."

आळीपाळीनं दोघांनी तिला पाहिलं. ती बसेपर्यंत कुणी उठलं नाही. शेवटी पात्याआडून काकू म्हणाल्या, "निवली." मग मागे टेकून, डोळे मिटून म्हणाल्या, "आरसा पुरा करा हं. कुणाला तरी कडी दाखवा. आणि खरी असली तर मला येऊन सांगा."

त्यानंतर काकांनी आरशाला हात लावला नाही. ते पलंगाशेजारी बसून असत. एके सकाळी ते चहा करायला उठले, आणि कप घेऊन परत आले तेव्हा काकू गेल्या होत्या. चहा कढत होता. तो निवेपर्यंत काका कप हातात धरून तसेच उभे राहिले.

पुढे कवळ्या येत राहिल्या, जात राहिल्या. मी बाकाखाली धूळ खात पडलो. एके दिवशी काकांनी मला बाहेर काढलं. आता ते नेमानं काम करत. घासत, धुवत आणि आरसा निवायची वाट बघत. चहा पीत, तो एकट्यानंच. आता त्यांना घाई नव्हती. ज्यांच्यासाठी घाई करावी, त्या उरल्या नव्हत्या. खड्डा भरून आला. आरसा असा झाला की मास्तरलाही बोट ठेवायला जागा उरली नाही.

तरी काका त्याला चांदीचा मुलामा द्यायला पाठवीनात. रोज खोलीत अंधार करायचे, आरशावर अंगठा ठेवायचे आणि टेकडी बसेपर्यंत बघत राहायचे. शिंपी समजावून थकला. "पाठवा की आता. वाया चाललाय आरसा."

"मुलामा चढला की त्याला बोट लावता येत नाही," काका म्हणाले.

शिंप्याला सगळं ठाऊक होतं. काकांनीच सांगितलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "कवळीवाले, निवू द्या म्हणता. अहो, किती निवू द्यायचं? वहिनींनी निरोप सांगून ठेवलाय. तो पोचवायचा कुणी?"

दुसऱ्या दिवशी काकांनी आरशावर शेवटचा अंगठा ठेवला, टेकडी बसेपर्यंत पाहिली आणि आरसा पाठवून दिला.

दुर्बीण याच वाचनालयाच्या गच्चीवर लागली. शनी पुन्हा संध्याकाळच्या आकाशात आला होता. काका कडी बघायला गेले, आणि रात्र चढल्यावर परत आले. दिवा लावला. मला मांडीजवळ घेतलं. गारठ्यानं राळ ठिसूळ झाली होती. छोट्या तासणीनं ते टकटक करत राहिले आणि काळे कपचे उडत राहिले. खालून पांढरे तुकडे दिसू लागले आणि मग, नखाएवढा बाजूला, तो हिरवा. झिजून पातळ झालेला, पण रंग तोच. काकांनी त्याच्यावर अंगठा ठेवला.

"खरी असतात गं," ते म्हणाले.

बस, एवढंच. त्यांनी अंगठा बराच वेळ उचलला नाही.

आता काकाही नाहीत. जाण्याआधी त्यांनी मला दुर्बिणीजवळ ठेवायला दिलं होतं. तिथून मी कुणाच्या तरी पायात आलो आणि सरकत सरकत या दाराशी पोचलो. मास्तर कुठे गेला, देव जाणे. मित्रांनो, दाराचा टेकू होण्यात कमीपणा नाही. दार धरून ठेवणं हेही काम आहे, आणि मला काम आवडतं. तुम्हाला एवढीच विनंती, जुनी हत्यारं भंगारात टाकण्याआधी एकदा पुसून बघा. त्यांच्यावर कुणाचे तरी हात असतात.

आणि काका-काकूंचा तो मंत्र पुरा लक्षात ठेवा. काच तपासायची तर निवू द्या, मग बोला. पण आतल्या खोलीतून कुणी हाक मारली तर टेकडी उतरवत बसू नका. माणसाजवळ ऊब आहे तोवरच जाऊन बसायचं असतं.

आता जा वर. शनी आलाय म्हणे आज. कडी बघा, आणि येताना क्षणभर वाका. माझ्यावरची धूळ पुसलीत तर हिरवा तुकडा सापडेल. मधोमध शोधू नका, तो थोडा बाजूला आहे. त्याच्यावर अंगठा ठेवा आणि हळूच सांगा, खरी असतात.